शेंडीचा नारळ

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुला सांगतेय, कारण तू मानसीला ओळखत नाहीस – आणि आईलाही नाही. ओळखत असलेल्या कुणापुढे माझी जीभ रेटली नसती.

मी मुळात मत्सरी आहे. लहानपणी भावाच्या ताटातला लाडू मोठा दिसला की मला माझा घास गोड लागायचा नाही. पण ती पोरबुद्धी झाली. हे मी चाळिशीत केलंय – आणि मानसीनं माझं काय वाईट केलं होतं? काहीच नाही.

त्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे बॉथेलला सहा महिन्यांसाठी आली होती. बाबा गुडघ्यांचं निमित्त काढून पुण्यातच राहिले. नवऱ्याला सुट्टी नव्हती. मग मी एक कॅम्परव्हॅन भाड्यानं घेतली – पलंग, शेगडी, सगळा संसार गाडीतच – आणि आईला ओरेगनचा किनारा दाखवायला निघाले. एवढी थोरली गाडी एकटीनं चालवायचा धीर होईना, म्हणून मानसीला बरोबर घेतलं. मानसी मूळची नागपूरची, आमच्यापासून दोन घरं सोडून राहणारी. मीच बोलावलं तिला.

किनाऱ्यावर हवेचा काही नेम नव्हता. सकाळी धुकं, दहाला ऊन, अकराला आडवा पाऊस. थंडी वाढली की मानसी आईच्या पायांत मोजे चढवायची, ऊन आलं की काढायची. मी स्टिअरिंगवर, त्या दोघी मागे – आणि आरशात मला सगळं दिसायचं. तिनं त्या टीचभर शेगडीवर थालीपिठं लावली तर आई म्हणाली, हिच्या हाताला चव आहे. माझ्या हाताला काय होतं? मला जन्मभर 'अगं ए', आणि हिला दुसऱ्या दिवसापासून 'बाळा'. माझा नुसता जळफळाट होत होता, आणि वरून मी हसत होते.

तिसऱ्या दिवशी पावसानं गाडीचं दार उघडू दिलं नाही. तिघी आत कोंडलेल्या. बोलता बोलता मानसीनं सांगितलं की ती कॉलेजात असतानाच तिची आई गेली. सासरी ओटी भरतात, पण माहेरची म्हणून कुणी भरलीच नाही. आईचे डोळे भरले. "मी भरते तुझी," ती म्हणाली. खण तिच्या बॅगेत होताच, तांदूळ डब्यात. अडलं नारळावर. पाऊस थांबल्यावर गावातल्या दुकानात गेलो, तर तिथला नारळ तुळतुळीत खरवडलेला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. आईनं तो उलटसुलट करून पाहिला आणि परत ठेवला. ओटीला शेंडीचाच लागतो. घरी गेल्यावर इंडियन स्टोअरमधून आणू, असं ठरलं. मानसी लहान मुलीसारखी खूश होती.

त्या नारळाला शेंडी असती तर त्याच दिवशी ओटी भरून झाली असती, आणि मग – बघ, मी नारळावर ढकलतेय.

शेवटच्या दिवशी मानसी पाण्याची टाकी भरायला गेली होती. आईनं दोन खण मांडीवर पसरले. हिरवा देऊ की जांभळा, असं मला विचारलं. माझं मत विचारलं! तेव्हा मी म्हणाले – अगदी शांतपणे, थर्मासचं झाकण लावत – "आई, नको करूस. तिला असलं आवडत नाही. काल मला म्हणाली, काकूंना वाईट वाटू नये म्हणून हो म्हटलं, पण मला हे सगळं फार जुनाट वाटतं."

असं काहीही मानसी म्हणाली नव्हती. एक अक्षर नाही.

आईनं खणांच्या घड्या घातल्या. "बरं झालं सांगितलंस," एवढंच म्हणाली. परतताना ती माझ्या शेजारी पुढे बसली. मला वाईट वाटायला हवं होतं ना? मला आनंद झाला. पोर्टलंड येईपर्यंत मी गुणगुणत होते.

पुढे मानसीचा फोन आला की आई खुणेनं सांगायची, झोपलेय म्हण. विमानतळावर मानसी डबा घेऊन निरोप द्यायला आली, तेव्हा आई तिला म्हणाली, "तुम्ही कशाला एवढा त्रास घेतलात?" तुम्ही. आपली माणसं कुणाला कसं परकं करतात, हे तुला ठाऊक आहे. मानसीचा चेहरा मी पाहिला, आणि सामानाचं वजन बघायला वळले.

आणि तो हिरवा खण? निघायच्या आदल्या दिवशी आईनं त्यानं माझी ओटी भरली. शेंडीच्या नारळासकट. मी पदर पसरून घेतली.

दोन वर्षांनी पुण्यात आई वारली. मी तिकडून परत आले, तर मानसी दारातच उभी. पंधरा दिवस तिनं माझ्या घरचं जेवण सांभाळलं होतं. चहा झाल्यावर तिनं विचारलं, "खरं सांग यार, माझं काही चुकलं होतं का? काकू हर्ट झाल्या होत्या का माझ्यावर? इतकी वर्षं तेच डोक्यात आहे."

इथे मला तोंड उघडता आलं असतं. आई नव्हती, रागावणार कोण होतं? समोर फक्त ती होती, तिला फक्त खरं हवं होतं. मी म्हणाले, "छे गं, तुझं काही नाही. आईचा स्वभावच तसा. चार दिवस माया लावायची, मग विसरून जायची."

आधी आईपुढे तिला खोटी पाडली. मग तिच्यापुढे आईला – जी उठून नाही म्हणू शकत नव्हती.

मानसीनं मान हलवली. तिला पटलं.