खंडेनवमीला बाहेर आलेला कोबाल्ट

जालन्यातल्या आमच्या सळईच्या कारखान्यात मी किरणोत्सार सुरक्षा अधिकारी आहे. माहेरी, परतूरला, हे सांगितलं की बायका विचारतात, म्हणजे करतेस तरी काय? मी म्हणते, एका भांड्याची राखण. खोटं नाही ते. वितळलेलं लोखंड साच्यात किती चढलं हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, म्हणून साच्याच्या एका अंगाला कोबाल्टची बारीक कांडी बसवतात. तिचे किरण पलीकडे किती पोचतात त्यावरून पातळी समजते. काम नसलं की कांडी शिशाच्या जाड भांड्यात आणि भांडं कुलपाच्या खोलीत. सरकारच्या परवानगीशिवाय ही कांडी विकत मिळत नाही, हलवता येत नाही, फेकून तर मुळीच देता येत नाही.

कुलपाच्या चाव्या दोन. एक माझ्याकडे, दुसरी फोरमनमामांकडे. मामा वाटूरचे. मी नवी होते तेव्हा त्यांनीच सगळी भट्टी फिरून दाखवली होती, आणि चारचौघांत मला पोरी म्हणायचा हक्कही तेव्हाच घेऊन टाकला.

खंडेनवमीला कारखाना बंद असतो. पाने, हातोडे, साखळ्या धुऊन अंगणात रांगेनं मांडतात, माझ्या किरण मोजायच्या मीटरलाही झेंडूचं फूल मिळतं. मला हा दिवस फार आवडतो. पूजा झाली की मुहूर्त म्हणून क्रेन थोडी चालवतात. तिचं चुंबक भंगाराच्या ढिगातून घास उचलतं आणि पुन्हा टाकतं.

त्या वर्षी मी जरा उशिरा पोचले. बघते तर रांगेच्या शेवटी, ढिगाला अगदी खेटून, आमचं भांडं. वर हळदकुंकू, आणि हार बरोब्बर धोक्याच्या पिवळ्या खुणेवर. क्रेन सुरू झालेली. भांड्यावर पोलादाचं कवच, आणि चुंबकाला भंगार काय नि भांडं काय! उचलून ढिगात टाकलं असतं, पुढं भट्टीत गेलं असतं, तर किरण सोडणारी सळई कुणाच्या घराच्या भिंतीत बसली असती देव जाणे. ओरडून क्रेन थांबवली, मीटर लावला. झाकण बंद होतं, आकडा रोजचाच होता.

"काय झालं गं पोरी?" मामा म्हणाले. "झाकणाला हात बी लावला न्हाई म्या. ज्याच्यावर पोट चालतं त्याला कोंडून ठिवायचं अन् पान्याला हार घालायचा? बराबर दिसतं का ते?"

मी भांडं खोलीत परत ठेवून घेतलं. पण परवानगी देणाऱ्या मुंबईच्या सरकारी कार्यालयाला कळवणं भाग होतं. मॅनेजर म्हणाले, भांडं जागेवर गेलंय, झाकली मूठ सव्वा लाखाची. कळवलंत तर मामांची नोकरी जाईल. रिटायर व्हायला आलेला माणूस! भीती मलाही तीच होती. तरी मी त्याच दुपारी कळवलं. मामा माझ्याशी बोलेनासे झाले. मला वाईटही वाटे आणि रागही येई.

मग सरकारच्या मॅडम तपासणीला आल्या. खोली उघडून सगळं मोजलं, मामांना विचारलं. मामांनी काही लपवलं नाही. मॅनेजर घाईघाईनं म्हणाले, "यांना काढूनच टाकतो, मॅडम."

"काढू नका," त्या म्हणाल्या. "खरं सांगणारा माणूस आम्हाला हवाच असतो. पण चावी आता यांच्याकडे राहणार नाही."

मामांनी पाठ फिरवली आणि सदरा वर केला. चावी करगोट्याला बांधलेली होती. गाठ जुनी, सुटेना. मी कात्री आणायला निघाले तर हातानंच नको म्हणाले, आणि नखांनी उकलत बसले. सुटली तशी माझ्या तळहातावर ठेवली.

"कूस बदलली की टोचायची बघ," ते म्हणाले. इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलत होते. "बायको म्हणायची, माझ्यापरीस तिलाच जपता."

चावी अंगाच्या उबेनं गरम होती. मला रडूच फुटलं.

"रडून काय राह्यली? कुलूप लावून ये जल्दी," मामा म्हणाले. "मंग जेवू. तुझ्या मामीनं धपाटे दिलेत."

मी गेले, कुलूप लावलं, आणि दोनदा ओढून बघितलं.