शनिवारचा टँकर

लग्न होऊन अलिबागेकडून मी थेट बीड जिल्ह्यात आले, तेही नेमक्या दुष्काळाच्या वर्षी. नवरा तिथल्या एका सहकारी साखर कारखान्यात केमिस्ट होता. अख्ख्या कॉलनीत ज्यू म्हणून आम्ही दोघंच, आणि धर्म बुडू न देण्याची जबाबदारी यांनी एकट्यानं अंगावर घेतलेली.

गाळपाच्या हंगामात यांनी चेअरमनसाहेबांकडे शनिवारची सुट्टी मागितली. चेअरमन म्हणाले, ‘‘साहेब, कारखाना हाय, शाळा न्हाई. बॉयलरला कुठं शनिवार कळतो?’’ यांनी बाणेदारपणे सांगितलं, ‘‘मला कळतो.’’ चेअरमनना ते इतकं आवडलं, की त्यांनी सुट्टी दिली आणि बदल्यात रविवारी कामाला लावलं. हा प्रसंग यांनी मला किती वेळा ऐकवला असेल, त्याची गणती नाही. शेजारणींना मात्र वाटायचं, साहेब शनीचा उपास करतात. त्या साबुदाण्याची खिचडी आणून द्यायच्या. हे ती आवडीनं खायचे, गैरसमज काही दूर करायचे नाहीत.

कॉलनीत पाण्याचा टँकर मंगळवारी आणि शनिवारी यायचा. मंगळवारी हे कारखान्यात. शनिवारी घरात असायचे, पण शब्बाथला, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या दिवशी, ओझं उचलायचं नसतं. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावून, मनुकांच्या सरबतावर प्रार्थना म्हणून झाली, की यांचे हात जे बंद व्हायचे ते दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत. घागरी मी भरायची. बारा-बारा खेपा. कंबरेचा काटा ढिला व्हायचा. कामवाली ठेवू म्हटलं, तर म्हणाले, ‘‘दासीलाही विश्रांती द्यावी असं शास्त्रात आहे. आपण तिला शनिवारी कसं राबवणार?’’ म्हणून तत्त्वासाठी आम्ही कामवाली ठेवलीच नाही. दुधासाठी शेळी घेऊ म्हटलं, तर शास्त्रात गुराढोरांचीही सुट्टी निघाली. मला हसू यायचं आणि संतापही.

एका शनिवारी सकाळी मी शास्त्रातलं ते विश्रांतीच्या आज्ञेचं पान उघडून यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, ‘‘तू, मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, दारात आलेला परका, सगळ्यांना विश्रांती आहे. बायको कुठे आहे यात?’’

यांनी चष्मा पुसला. ‘‘अगं, नवरा-बायको एकच. तू ‘तू’मध्येच आलीस.’’

‘‘छान झालं,’’ म्हणून मी आत जाऊन पलंगावर आडवी झाले.

थोड्या वेळानं टँकरचा हॉर्न वाजला. यांनी दारातून डोकावून पाहिलं. मी डोळे मिटून घेतले. दुसरा हॉर्न झाला. हे स्वयंपाकघरात गेले, पिंपाचं झाकण उघडल्याचा आवाज आला. पिंपात वीतभर पाणी होतं आणि मंगळवार तीन दिवसांवर. ‘‘उठतेस ना?’’ यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘‘शब्बाथ आहे.’’

शेवटी घागरी एकमेकींवर आपटल्या आणि दार वाजलं. खिडकीतून रांगेचा कालवा सगळा ऐकू येत होता. कुणीतरी बाई काळजीनं विचारत होती, ‘‘साहेब, तुमी कावून आलाव? वैनी बऱ्या हायेत न्हवं?’’ मग घागर घरंगळल्याचा आवाज आला आणि एकदम हशा पिकला. मला यांची कीव आली. पण कूस बदलून पाहिली, तर कंबर दुखत नव्हती, म्हणून उठले नाही.

हे परतले ते गुडघ्यापर्यंत भिजून. निम्मं पाणी रस्त्यावर सांडलेलं. घागर टेकवून माझ्या उशाशी येऊन उभे राहिले. चेहरा पडलेला. म्हणाले, ‘‘मोडला. चेअरमनपुढेसुद्धा मोडला नव्हता, तो आज मोडला.’’

‘‘कुठे मोडलाय?’’ मी म्हटलं. ‘‘मी पाळतेय ना. तुम्ही अजून अकरा खेपा करा, नाहीतर टँकर निघून जाईल.’’