बुसैतीनच्या धुक्यातली हाक

बहारीनमध्ये माहूजला आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर वसईची एक बाई राहते. हॉस्पिटलात नर्स होती, आता रिटायर होऊन मुलीकडे असते. तिचा मुलगा कॅनडात. तो आला तेव्हा तिच्या घरी एक प्लास्टिकची डबी ठेवून गेला आणि ती डबी तिने माझ्या हातात दिली. आत करंगळीच्या नखाएवढे धातूचे चमचे होते. प्रत्येकाच्या एका टोकाला छिद्र, दुसऱ्या टोकाला कडी आणि तीन तोंडांचा बारीक गळ.

"हे तिकडे बर्फात वापरतात," ती म्हणाली. "तळं गोठतं ना, त्याला भोक पाडायचं, स्टूल टाकून बसायचं आणि हा चमचा आत सोडायचा."

"मिळतं काय?"

"तळहाताएवढे चपटे मासे. निम्मे काटेच."

"एवढ्यासाठी बर्फात बसतो?"

"चांगली नोकरी आहे, घर आहे, बायको आहे. तरी भोकासमोर बसतो."

"बायको आहे म्हणूनच बसत असेल," मी म्हटलं.

मी चौथीपर्यंत शिकले. माशांचं मात्र मला कोणी शिकवावं लागलं नाही. माझे वडील सिंधुदुर्गात किनाऱ्यावर गरी टाकून पोट भरायचे आणि मी त्यांच्याबरोबर खडकांवर वाढले. आमचे हे घाटाच्या पायथ्याचे. लग्नापर्यंत त्यांनी समुद्र पाहिला तो एकदाच, तोही एसटीच्या खिडकीतून. त्यांना पोहता येत नाही. इतकी वर्षं बहारीनमध्ये, चारी बाजूंना पाणी, तरी शिकले नाहीत. एसीचे मेकॅनिक. कॉम्प्रेसरच्या आवाजात राहून डावा कान गेलेला.

डबीतले चमचे दोन महिन्यांत खडकांत अडकून तुटले. तोवर ह्यांना नाद लागला होता. एसीच्या तांब्याच्या पाइपचे उरलेले तुकडे ते घरी आणू लागले. तुकडा उभा कापायचा, ठोकून सपाट करायचा, लाकडाच्या खळग्यात ठेवून पुन्हा ठोकायचा, म्हणजे पोट येतं. मग लिंबू-मीठ लावून घासायचा. कॅनडाच्या चमच्यापेक्षा आमचा जास्त मासे द्यायचा. कारण इथलं पाणी गढूळ असलं की पांढरा धातू दिसत नाही, तांबं दिसतं.

तो टाकायची रीत सोपी आहे, पण घाईच्या माणसाची नाही. दोरी बारीक हवी. गळाच्या टोकाला कोळंबीचा दाण्याएवढा तुकडा. चमचा सरळ खाली सोडायचा, चार बोटं उचलायचा आणि सोडून द्यायचा. पडताना तो डगमगतो, चमकतो. मासा बघायला येतो. मग हात हलवायचा नाही. मासा तोंड लावतो ते चमचा थांबल्यावर. आमचे हे मात्र न थांबता हात हलवत राहायचे आणि मला म्हणायचे, "तुलाच कसे मिळतात गो?"

"मी गप्प बसते म्हणून."

"घरी नाही ते कधी दिसलं."

आम्ही बुसैतीनच्या किनाऱ्याला जायचो. तिथे भराव घालताना ड्रेजरने समुद्राचा तळ उकरलेला आहे. ओहोटीला घोट्याएवढ्या पाण्यातून दहा-बारा मिनिटं आत चालत गेलं की एकदम चर लागतो, दोन पुरुष खोल. छोटे मासे त्या कडेला असतात. बर्फाच्या भोकात सोडतात तसा चमचा तिथे सरळ खाली सोडता येतो. मागे एक पाऊल म्हणजे घोट्याएवढं पाणी, पुढे एक पाऊल म्हणजे बुडालात. हे मी ह्यांना प्रत्येक वेळी सांगायची.

आणखी एक सांगितलेलं होतं. माझे वडील पाण्यावर कोणाला नावाने हाक मारू द्यायचे नाहीत. ओ म्हणा, गो म्हणा, रे म्हणा, शिट्टी मारा, पण नाव नाही. नाव ऐकणारी तिथे आपली माणसंच असतात असं नाही, असं ते म्हणायचे. मी लग्नानंतर ह्यांना सांगितलं आणि ह्यांनी ते पाळलं. माझा तर प्रश्नच नव्हता. मी ह्यांचं नाव जमिनीवरही घेत नाही. आमच्यात घेत नाहीत.

तो जानेवारीतला शुक्रवार होता. उजाडल्यावर निघालो. किनाऱ्याला थोडं धुकं होतं, ते उठेल असं वाटलं. चराच्या कडेला मी उभी राहिले. हे पन्नास-साठ पावलं पुढे गेले, कारण मी जवळ असले की बोलते म्हणून त्यांना मासे मिळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मला पहिल्या अर्ध्या तासात अकरा मासे लागले. मग एकही नाही. चमचा खाली जायचा, थांबायचा, पण दोरीला काही कळेना.

"खलास!" हे तिकडून ओरडले. "मासे मफी!" मफी म्हणजे इथल्या अरबीत 'नाहीत'.

मी मान वर केली तर हे दिसले नाहीत. बादली पायाशी होती, तिची कडी दिसत होती, त्यापलीकडे पांढरं. वरून विमान गेलं, डोक्यावरून गेल्यासारखा आवाज आला, पण दिसलं काही नाही. आवाज संपल्यावर इतकं शांत झालं की माझ्या नाकातून जाणारा श्वास मला ऐकू येत होता. पाणी घोट्याच्या वर आलं होतं. भरती लागली होती.

मी "अहो" म्हणून हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली, जोरात. उत्तर नाही. "अहो, परत फिरा, भरती आली!" काही नाही. पाणी हळूहळू पोटरीवर चढत होतं. मी पाय उचलला की वाळूत पावलाची खूणही उरत नव्हती. बादली तरंगायला लागली, मी ती सोडून दिली. ती धुक्यात गेली आणि तिचा आवाजही झाला नाही.

तेव्हा मी ह्यांचं नाव घेतलं. ओरडून घेतलं. अहो म्हणणाऱ्या बायका खूप, त्यांना कळत नसेल, असा मी विचार केला. त्या ओल्या हवेत ते नाव माझ्या तोंडातून बाहेर पडलं तेव्हा मला दुसऱ्याच कोणाचा आवाज वाटला.

आणि मला पावलं ऐकू आली. छपक, छपक. ह्यांचीच, उजवा पाय जरा ओढतात. बरं वाटलं. मी पुन्हा नावाने हाक मारली. पावलं भरभर पडू लागली, पण लांब जायला लागली. मी थांबले, पावलंही थांबली. मी तिसऱ्यांदा नाव घेतलं, तर हे जवळजवळ पळायला लागले. चराच्या दिशेने.

मी तिथेच उभी राहिले. माणूस माझ्या हाकेपासून पळत होता. मग डोक्यात उजेड पडला. चाळीस वर्षांत जी बाई कधी नाव घेत नाही, ती पाण्यावर नाव घेऊन ओरडते आहे. ह्यांच्या लेखी ती मी नव्हतेच. मीच शिकवलेलं होतं.

आता अहो म्हटलं तरी ते विश्वास ठेवणार नाहीत. मी छातीत हवा भरली आणि ओरडले, "गिझर बंद केलात का? नाही ना! जन्मात कधी एक बटण बंद केलंय का तुम्ही? बिल कोण भरणार, तुमचा आजोबा? तिथेच उभे राहा, एक पाऊल टाकलंत तर मीच येऊन ढकलीन!"

पावलं थांबली. मग बारीक आवाज आला, "ओ."

"बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही बोला. गिझरचं सांगा."

"केला होता गो बंद... मला वाटतं केला होता..."

त्या आवाजाच्या मागे मी गेले. हे गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे होते, दोन्ही हात वर, एका हातात गरी. त्यांच्यापुढे पाण्याचा रंग काळा होता. मी शर्टाची कॉलर धरली आणि मागे ओढलं. ह्यांनी आधी माझ्या तोंडाला हात लावून पाहिला. मग कपाळाला. त्यांचा हात मेल्या माशासारखा गार होता.

किनारा कुठे ते दोघांनाही कळत नव्हतं. मी ह्यांच्या हातातली गरी घेतली आणि चमचा पाण्यात सोडून दोरी सैल धरली. भरतीचं पाणी जमिनीकडे जातं. दोरी जिकडे तिरकी झाली तिकडे आम्ही चाललो. वीस पावलांवर थांबायचं, चमचा सोडायचा, बघायचं, पुन्हा चालायचं. हे माझा पदर मुठीत धरून होते. भरावाचे दगड पायाला लागले तेव्हाच कळलं की पोचलो.

गाडीत हीटर लावून बसलो. ह्यांचे दात वाजत होते.

"पहिल्यांदा नाव घेतलंस तेव्हा मी किनाऱ्याकडे निघालो होतो," हे म्हणाले. "हाक किनाऱ्याकडून आली. तू अशी हाक मारणार नाहीस, म्हणून वळलो. मग समुद्राकडून आली. मग पुन्हा वळलो. मग दोन्हीकडून येत होती."

"मी एकाच जागी उभी होते."

"ते मला माहीत आहे," हे म्हणाले.

खालच्या नर्सबाईला सांगितलं तर ती म्हणाली, एका कानाच्या माणसाला आवाजाची दिशा कळत नाही, त्यात धुकं. खरं असेल. ती शिकलेली आहे. मी तीन वेळा नाव घेतलं होतं. आमचे हे मात्र मोजून सांगतात, सात वेळा ऐकलं.

आम्ही बुसैतीनला पुन्हा गेलो नाही. हे घरात हाकेला ओ देत नाहीत आता. मी अहो म्हटलं की हातातलं काम टाकून स्वयंपाकघराच्या दारात येतात, माझं तोंड नीट बघतात आणि मग विचारतात, "काय?" सवय झाली मला. परवा मी तांदूळ निवडत होते. हे आले, दारात उभे राहिले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काय?"

मी हाक मारलेली नव्हती. "काही नाही, बसा इथे," मी म्हटलं आणि उठून समुद्राकडच्या बाल्कनीचं दार लावून घेतलं.