कोंडवाड्यातला पाळणा

आकाराम हवालदाराचं गल्लीत कुणाशीच पटत नव्हतं, आणि त्यातच त्याला सुख वाटायचं. लष्कराच्या वर्कशॉपात वीस वर्षं गाड्यांची पोटं उघडून तो त्र्याहत्तर साली पेन्शनीवर गावी आला. कुंडलपासून दोन कोसांवर त्याचं गाव. आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यानं शेजारच्या हिंदुरावाचा विहिरीवरचा पंप पाहिला आणि हा बसवणाऱ्याचे हात बांधून ठेवायला पाहिजेत, असं चारचौघांत सांगितलं. पंप हिंदुरावानंच बसवला होता. हिंदुराव त्याचा चुलतभाऊ, वयानं मोठा. त्या दिवसापासून हिंदुरावाच्या बायकोनं, बायडाबाईनं, त्याला भावजी म्हणायचं सोडलं. ती त्याला नुसतं हवालदार म्हणायची, आणि ते असं म्हणायची की ऐकणाऱ्याला शिवी वाटावी.

अशा माणसानं बारक्या पोरांसाठी काही काढावं, याचं गल्लीला हसू आलं. पोरं दिसली की त्याच्या कपाळाला आठी पडायची. पण त्यानं पंचायतीकडं पडीक कोंडवाडा मागितला. चार दगडी भिंती, एक पत्र्याची पडवी आणि लोखंडी फाटक. चुकार जनावरं तिथं कोंडणं कधीच बंद झालं होतं. सरपंच लालासाहेबांनी तो लगेच देऊन टाकला. हवालदार दर सोमवारी दिव्याबद्दल नाहीतर गटाराबद्दल एक अर्ज टाकायचा, तो कुठंतरी गुंतला तर बरंच, असा त्यांचा हिशेब.

विहिरींवर मोटारी बसल्या होत्या आणि मोटेची लाकडी चाकं घाणेरीच्या झुडपांत कुजत पडली होती. आकारामनं चार उचलून आणली. साताऱ्याच्या कारखान्यांकडून भंगारात गेलेली दातेरी चक्रं आणली, तीही एसटीच्या टपावरून, कंडक्टरशी भांडत. दोन महिन्यांत कोंडवाड्याचं रूप पालटलं. एका कोपऱ्यात दोर ओढला की वाळूची बादली वर जायची. पन्हळीतून पाणी सोडलं की पत्र्याची पाती गरागरा फिरायची. फळ्यांना मोठाले नटबोल्ट आणि शेजारी सुतळीनं बांधलेले पाने. चार ते सहा वर्षांची पोरं यायची, मुरलेले मिस्त्री असल्यागत गंभीर तोंड करून बोल्ट पिळत बसायची. फाटकावर पाटी होती, ‘हात लावा’. खाली बारीक अक्षरात, मोठ्या माणसांनी हात लावू नये.

यामागचं कारण त्यानं कुणाला सांगितलं नाही. चंद्राबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ते नळावर सांगितलं, म्हणून गल्लीला कळलं. लहानपणी तो ज्या वस्तूकडं हात न्यायचा त्या हातावर कुणाची तरी चापट बसायची. अठराव्या वर्षी भरती झाला तेव्हा त्याला पाना धरता येईना. शहरातली पोरं हसायची. सहा महिने त्याला नुसते पुर्जे धुवायला बसवलं होतं. तो अपमान त्याच्या पोटात वीस वर्षं तसाच होता, आणि कोंडवाडा त्यातून निघाला होता.

गल्लीला हे ऐकून दया आली असं समजू नका. आयांना सकाळचे दोन तास मोकळे मिळत होते, तरी पोरांचे हात काळे होतात म्हणून त्या शिव्या देतच होत्या. हिंदुरावानं पारावर बसून विचारलं, चांगल्या घरातल्या पोरांचे लोहार करायचा ठेका हवालदाराला कुणी दिला. आणि बायडाबाई संधीची वाट बघत होती.

तिची वाट आकारामनंच सोपी केली. गोल फिरणाऱ्या चाकानं पुढंमागं हलणारी वस्तू कशी हलते, हे त्याला पोरांना दाखवायचं होतं. त्यासाठी झोके घेणारं काहीतरी पाहिजे होतं. चंद्राबाईनं माळ्यावरचा पाळणा काढून दिला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी केलेला, कधीच न वापरलेला. लाकूड किड्यांनी खाण्यापेक्षा हलू दे, एवढंच ती म्हणाली. त्यानं मोटेचं चाक उभं केलं, त्याला पुढून हातानं फिरवायला खुंटी ठोकली, मागून दांडी जोडली आणि दांडीचं टोक पाळण्याला. पोरानं खुंटी फिरवली की पाळणा हलायचा. सकाळभर हलायचा, रिकामा.

रिकामा पाळणा हलवू नये, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक. हलवला तर घरच्या तान्ह्याचं पोट दुखतं. वीस वर्षं यंत्रांत राहून हवालदार एवढं विसरला, आणि नेमका त्याच आठवड्यात बायडाबाईचा दोन महिन्यांचा नातू पाय पोटाशी घेऊन रडायला लागला.

सकाळी दहाच्या सुमाराला ती फाटकात आली. मागं हिंदुराव, सरपंच आणि गंमत बघायला सगळी गल्ली. आत पंधरा पोरं होती, ती पाने सोडून फाटकाकडं वळली.

“ज्याच्या घरात पाळणा हलला न्हाई,” बायडाबाई म्हणाली, “त्यानं गावच्या लेकरांवर रिकामा हलवायला काढलाय.”

चंद्राबाई पडवीत उभी होती. तिनं मान खाली घातली नाही, पण आकारामचं तोंड पांढरं पडलं. त्यानं उत्तर दिलं ते सरळ नव्हतं. पोराच्या पोटाला हिंग लावा नाहीतर त्याला डॉक्टरला दाखवा, पाळण्याला दोष देऊन पोटदुखी थांबत न्हाई, असं तो म्हणाला, आणि वर वैनी म्हणाला, त्यामुळं ते जास्तच झोंबलं.

लालासाहेबांना हवालदाराच्या अर्जांपेक्षा गल्लीची मतं महाग. “आवं हवालदार, पाळणा आजच्या आज काढा. न्हाईतर कोंडवाड्याला कुलूप घालतो. गावाचा राग आमी कुठवर अंगावर घ्यायचा?”

पाळणा काढला की गेला विषय. पण आज पाळणा, उद्या बादली, परवा पाती. मग पाटीही. आकाराम नाही म्हणाला. पंचायतीचा शिपाई कुलूप घेऊन पुढं सरकला.

तेव्हा चंद्राबाई बोलली. बारशाला बाळाच्या आधी वरवंटा निजवतात पाळण्यात. तसा निजवा. मग रिकामा कुठं राहिला? आणि ती आपला वरवंटा आणायला वळली.

“तुझा न्हाई चालायचा,” बायडाबाई म्हणाली. “लेकुरवाळ्या घरचा लागतो.”

ती तरातरा घरी गेली, आपल्या पाट्यावरचा मिरचीनं लाल झालेला वरवंटा घेऊन आली आणि पाळण्यात दाणकन टाकला. हलवा म्हणाली.

पोरगं खुंटीला लटकलं. चाक हललं नाही. दोघं लटकली, तिघं लटकली, एकानं तोंडावर पडून नाकातनं रक्त काढून घेतलं. गल्ली खूश झाली. हिंदुरावानं विचारलं, पंपापेक्षा हे बरं चालतंय न्हवं? आकारामचे हात शिवशिवत होते, पण पाटी त्याचीच होती, मोठ्या माणसांनी हात लावू नये. शिपायानं कुलूप उघडून हातात धरलं होतं.

बायडाबाईला निघून जाता आलं असतं. जिंकलीच होती ती. पण तीस वर्षं पहाटेचं जातं ओढलेल्या बाईला ते बघवेना.

“खुंटा आसाजवळ ठोकल्यावर कुणाच्या बापाला फिरंल?” ती ओरडली. “जात्याचा खुंटा कडंला असतो की, मुडद्या. एवढंबी शिकवलं न्हाई व्हय लष्करात?”

आकारामनं चाकाकडं पाहिलं. पोरांचे हात आखूड, म्हणून त्यानं खुंटी आत घेतली होती. रिकाम्या पाळण्याला ते चाललं होतं. ओझं आल्यावर खुंटी बाहेर पाहिजे, हे रंगरूटाच्या पहिल्या धड्यातलं, आणि ते त्याला सही न येणाऱ्या बाईनं अख्ख्या गल्लीसमोर सांगितलं होतं. हा अपमान पुर्जे धुण्यापेक्षा मोठा होता. तो गिरमिट घेऊन आला, कडेला भोक पाडलं, खुंटी तिथं ठोकली आणि मागं सरला. चार वर्षांच्या पोरीनं दोन्ही हातांनी खुंटी धरली, टाचा उचलून वर नेली, वाकून खाली आणली. वरवंटा झुलायला लागला.

लालासाहेबांनी शिपायाच्या हातातलं कुलूप घेऊन खिशात घातलं. बायडाबाईच्या नातवाचं पोट आणखी पंधरा दिवस दुखत होतं, पण त्याबद्दल आता तिला पाळण्याला बोल लावता येईना, कारण आत तिचाच वरवंटा होता.

पण तोच वरवंटा तिला चटणीलाही लागायचा. म्हणून ती रोज सकाळी तो घेऊन यायची, फाटकाशी बसून राहायची आणि अकराला घेऊन जायची. नव्या येणाऱ्या प्रत्येक पोराला ती मोठ्यानं सांगायची की हवालदारानं खुंटा चुकीचा ठोकला होता आणि आपण तो नीट करवला. आकाराम पाठ करून बोल्टांना तेल देत बसायचा. तिला हाकलता येत नव्हतं. आठ वर्षं हे चाललं, आणि आठ वर्षांत त्यानं एकदाही, पोरांचे हात आखूड म्हणून तो आत घेतला होता, असं म्हटलं नाही.