नापासाच्या गळ्यात झेंडू

किस्से म्हणजे सुती कपड्याची सुरकुती. एक दाबली की बाजूला दोन उभ्या राहतात! आदिलाबादच्या बसस्टँडमागं माझं इस्त्रीचं दुकान. मी सहावी नापास, पण दुकानात बसायला बी.ए., बी.एड.! तेव्हा आपण आंध्रात होतो. मराठी शाळांत मास्तरांच्या जागा कधीमधी निघायच्या, अन् आमची तीन पोरं प्रत्येक जागेसाठी जाऊन हात हलवत परत यायची. सुदाम, नामदेव अन् सिद्धार्थ. त्यात सिद्धार्थचं वय निघून चाललेलं. सरकारी नोकरीचं वय संपलं की बी.एड.चा कागद चुलीत घालायला मोकळा!

*

तिघांत मिळून इंटरव्ह्यूचा पांढरा शर्ट एकच. एक बटन तुटलेलं, तिथं मी हिरवं लावून दिलेलं. सुदामला तो झबलं, नामदेवला झगा. बरोबर बसायचा फक्त सिद्धार्थला.

एकदा तिघांचा इंटरव्ह्यू एकाच दिवशी! पोरांनी डोकं चालवलं. ऑफिसमागं निंबाचं झाड होतं. एक जण बाहेर आला की झाडाआड शर्ट काढून पुढच्याला द्यायचा. सिद्धार्थचा नंबर शेवटी. तो आत जाऊन खुर्चीत बसला. साहेब काही विचारीनाच, नुसता बटनाकडं पाहत राहिला. मग म्हणाला,

"ये शर्ट तो सुबह से दो बार फेल हो चुका है!"

*

संध्याकाळी तिघं तोंड पाडून आले. रडक्या तोंडावर काही इस्त्री फिरत नाही! शेजारच्या फुलवाल्याकडं झेंडूची एक माळ उरली होती. ती आणली, सिद्धार्थला स्टुलावर बसवलं, गळ्यात माळ घातली अन् ओरडलो, "नापास झाल्याबद्दल जाहीर सत्कार!"

रस्त्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाबद्दल, ते कोणीच विचारलं नाही!

तेव्हापासून कायदाच झाला. ज्याला नाकारलं त्याला स्टूल, माळ अन् गरम भजे. त्यानं फक्त भाषण करायचं. नामदेव तर इतका चटावला की इंटरव्ह्यूला निघतानाच सांगून जायचा, "काका, झेंडू ताजा सांगून ठेवजा!"

*

सुदामला तहसीलमध्ये क्लार्की लागली. पेढे घेऊन आला अन् सवयीनं स्टुलावर टेकला.

"ऊठ!" नामदेव ओरडला. "हे नापासाईचं स्टूल आहे."

"अबे, पेढे आणले ना मी!"

"पेढे ठेव अन् चालता हो. सरकारी माणसाले आमी वळखत नाही!"

सुदामनं आपलेच पेढे बाहेर उभं राहून खाल्ले.

*

सिद्धार्थच्या मायनं जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण करून पोराला शिकवलं. एकदा बाजारातून येताना तिनं लांबूनच पाहिलं. पोरगा स्टुलावर, गळ्यात माळ, लोक टाळ्या वाजवून राह्यले! बाई दुकानात आलीच नाही. तडक घरी गेली अन् सगळ्या वस्तीत साखर वाटली.

सिद्धार्थ घरी पोचला तर दारात ही गर्दी! त्यानं खरं काय ते सांगितलं.

"आता कसं करू, माय?"

"वाटलेली साखर मी वापस मागत नाही," माय म्हणाली. "तू नोकरी आण!"

दुसऱ्या दिवसापासून सगळी वस्ती त्याला 'गुरुजी' म्हणू लागली. आता चेष्टेनं की खरंच, ते विचारायची त्याची हिंमत होत नव्हती.

*

वय संपायच्या आधी इंटरव्ह्यू उरला एकच. मी म्हटलं, यावेळी तरी ते हिरवं बटन बदलतो.

"राहू द्या, काका," सिद्धार्थ म्हणाला. "साहेबाच्या वळखीचं आहे!"

निकालाच्या दिवशी मी माळ आणूनच ठेवली. खोटं कशाला बोलू, भजेही सांगितले होते! सिद्धार्थ आला तो मान खाली घालून. नामदेवनं लगबगीनं स्टूल पुसलं. मी माळ उचलली, तर सिद्धार्थनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

"काऊन रे?"

"लागलो, काका. बेज्जूरच्या शाळेत."

नामदेवनं झटकन स्टूल मागं ओढलं. "मंग माळ ठेव खाली! कायदा म्हणजे कायदा!"

"कायदा काय म्हणते? माळ नापासालेच ना?"

"हाव!"

सिद्धार्थनं ते स्टूल पुन्हा पुढं ओढलं, माझ्या दंडाला धरून मला त्याच्यावर बसवलं अन् माळ माझ्याच गळ्यात घातली. रस्त्यावरचे लोक टाळ्या वाजवू लागले.

"मी आता मास्तर. पयला निकाल तुमचा, काका. सहावी नापास! करा भाषण!"