दीड मिनिटाचा भूतपट आणि चौसष्ट नावं

आमच्या घराण्यात आजवर एकच सिनेमा तयार झाला, आणि त्यात फक्त नावं आहेत.

हे मी गमतीने सांगत नाही. मी तेव्हा नागपूरला चित्रपट-संकलनाचा कोर्स करत होते. (संकलन म्हणजे एडिटिंग. आमच्या गावात त्याला ‘कम्पुटरचं काहीतरी’ म्हणतात.) शेवटच्या सत्राला प्रोजेक्ट होता: एका काल्पनिक भयपटाची सुरुवातीची नावं तयार करायची. सिनेमा सुरू होताना पडद्यावर नावं येतात ना, तेवढंच. सिनेमा नाही, नुसती नावं. वेळ दीड मिनिट, आणि तेवढ्यात बघणाऱ्याची गाळण उडाली पाहिजे!

पहिल्या खेपेला मी इंटरनेटवरून एक परदेशी किल्ला, चार वटवाघळं आणि एक धुक्यातली बाई उचलून डकवली. सरांनी ते बघितलं आणि शांतपणे विचारलं, “हा किल्ला कुठला?”

“माहीत नाही, सर.”

“मग तुला त्याची भीती का वाटावी? तुझ्या गावाकडे भिण्यासारखं काहीच नाही का?”

नापास! दुसरी संधी शेवटची होती. ती हुकली की वर्ष गेलं. म्हणून दिवाळी झाल्यावर कॉलेजचा कॅमेरा गळ्यात अडकवून मी गावी आले. आमचं गाव नागभीड आणि वडसा यांच्या मधलं. मोठा तलाव आहे, त्यातल्या मासोळीवर अर्ध्या गावाची चूल चालते. माझे बाबा मच्छीमार सोसायटीचे सचिव. बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठेबाबा, एकेकाळी उपसरपंच होते. (पद गेलं, पण मोठेबाबांनी ते अजून सोडलेलं नाही.)

चार दिवस मी चित्रण केलं आणि खरं सांगते, झकास झालं. सुकत टाकलेली जाळी वाऱ्यावर हलताना. आईच्या हातातला विळा. तलावावरचं सकाळचं धुकं. शेजारच्या यमुनाबाईंची काळी कोंबडी. आणि सगळ्यात भारी म्हणजे टोपलीतल्या मेलेल्या मासोळीचा डोळा, इतक्या जवळून की पडदाभर तोच! वस्तू देताना प्रत्येकजण एकच विचारायचा, “नाव येईन ना आमचं?” आणि मी कॅमेऱ्यात डोळा घालून म्हणायची, “हो, हो, येईन ना!”

एवढाच माझा गुन्हा. पण आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्टीत, असं बोलून चालत नाही, हे त्याच मातीत वाढूनही मला कळू नये?

कारण आमच्याकडे हिवाळ्यात गावोगावी नाटकं होतात, आणि नाटकाची पत्रिका निघते. तीत उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी अशी इतकी नावं असतात की नाटकाचं नाव शोधायला पत्रिका दोनदा वाचावी लागते. आमच्या गावची पत्रिका वीस वर्षं बाबाच लिहितात. एकदा चुकून एक नाव राहिलं. तो माणूस सात वर्षं बाबांशी बोलला नाही, आणि बोलला तेव्हा त्याच विषयावर बोलला!

पाचव्या दिवशी मी घरच्यांना लॅपटॉपवर कच्चं काम दाखवलं. काळोख, वारा, टपटपणारं जाळं, आणि मग तो डोळा.

“हे तर आपलीच मासोयी होय!” आई म्हणाली. “हिचा डोया काऊन एवढा मोठा केला? लोकं म्हणन, शिळी विकतेत.”

“अन् भूत कुठी हाय?” मोठेबाबांनी विचारलं.

“भूत दाखवाचं नसते, मोठेबाबा. वातावरण दाखवाचं असते.”

“वाघ टाक मंग. भुताले कोण भेते इथी? भूत काही म्हशी नेत नाई.”

मोठेबाबांचं खरं होतं. आदल्याच आठवड्यात नाल्याजवळ पंजे दिसले होते. जिथे माणसं शेतात जाताना खरोखरच वाघाला भितात, तिथे मी दीड मिनिट जाळं हलवून कोणाला भिववणार होते?

तेवढ्यात बाबा एक घडी केलेला कागद घेऊन आले. तो त्यांनी उलगडला. पुन्हा उलगडला. मग तिसऱ्यांदा!

“नावं,” बाबा म्हणाले. “चौसष्ट झाले. एकही सुटलं नाई, तपासून घेतलं.”

“बाबा, हे पहिलं काय लिहिलं? उद्घाटक?”

“मंग?”

“सिनेमाले उद्घाटक नसते!”

बाबा माझ्याकडे दयेने बघत राहिले. “मंग सुरू कसा होते तो?”

मी हिशोब करून दाखवला. नव्वद सेकंद, त्यातले दहा सुरुवातीच्या काळोखाला, आणि चौसष्ट नावं, म्हणजे माणशी सव्वा सेकंद. त्यात ‘मा. श्री.’ वाचेपर्यंतच माणूस निघून जाणार.

“बारीक अक्षरात टाक,” बाबा म्हणाले. “अन् फोटो?”

“फोटो नाई!”

“बरं, बरं, चिडते काऊन? फोटो राहू दे.” (फोटो सोडून दिल्याचा मोठेपणा बाबांच्या चेहऱ्यावर दोन दिवस होता.)

मी मनाशी ठरवलं, गावासाठी चौसष्ट नावं टाकू, सर्वांना खूष करू, आणि नागपूरला जाण्याआधी सगळी काढून टाकू. इथपर्यंत माझी अक्कल ठिकाणावर होती. पण भयपटातली नावं म्हणजे अक्षरं रक्तासारखी ओघळतात, थरथरतात आणि अंधारात विरून जातात. मी तशीच केली. आणि ज्यांची ज्यांची नावं होती ते एकेक करून घरी बघायला येऊ लागले!

“माह्या नावातून रक्त काऊन गयून राह्यलं?” यमुनाबाई किंचाळल्या. “जित्ती हावो मी अजून!”

लाल रंग गेला. हळदीसारखा पिवळा आला.

“अन् हे थरथरून काऊन राह्यलं? मले काय थंडीताप हाय?”

थरथर गेली.

मग सोसायटीचे अध्यक्ष आले. त्यांनी आपलं नाव येताना बघितलं, खूष झाले, आणि ते विरताना बघून पांढरे पडले. “शीतल बाई, नाव मिटवाचं नाई हो. अशुभ असते. आलं का राहू द्याचं.”

झालं! आलेलं नाव जाईना. पहिल्यावर दुसरं, दुसऱ्याशेजारी तिसरं, अशी चौसष्ट पिवळी नावं पडद्यावर साचत गेली. जाळं दिसेना, विळा दिसेना, धुकं दिसेना. शेवटी फटीतून मासोळीचा डोळा तेवढा बाहेर बघत होता, बिचारा.

यापुढे आणखी काय बिघडणार, असं मला वाटलं. मोठेबाबा बिघडले.

“माह्यं नाव अठ्ठावीसवं?” त्यांनी विचारलं. “अन् हे सगळ्याच्या शेवटी एकटंच येते ते कोनाचं? पूर्ण पडदाभर?”

“माझं आहे, मोठेबाबा. संकलन म्हणून. मी केलं ना हे.”

“म्हणजे पोरीचं नाव एकटं, अन् घरातला मोठा माणूस गर्दीत!”

ते उठले, चप्पल घातली आणि थेट तलावाच्या पाळीवर जाऊन बसले. दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी चहा नाकारला. (चहा नाकारणारे मोठेबाबा आमच्या घराने पहिल्यांदाच पाहिले.) मोठी आई, म्हणजे मोठेबाबांची बायको, डोळे पुसत म्हणाली, “एवढंसं नाव द्याले तुले काय जाते, बाई?” आई माझ्याकडे बघेना. बाबा म्हणाले, “नागपूरले गेली का तुह्यं नाव परत टाकजो ना.”

“घ्या!” मी ओरडले. “घ्या माझं नाव! घ्या!” आणि रागारागात माझं नाव पुसून त्या जागी टाकलं: ‘संकलन: मा. श्री. देवाजीभाऊ (माजी उपसरपंच)’. मोठेबाबा आले आणि दोन कप चहा प्यायले.

रविवारी दुपारी बाबांनी सोसायटीच्या खोलीत पांढरी चादर बांधली, शाळेचा प्रोजेक्टर मागून आणला आणि गाव गोळा केलं. नारळ फुटला. चौसष्ट नावांवर चौसष्ट टाळ्या पडल्या, सर्वात मोठी मोठेबाबांना. मग पडदा काळा झाला. लोक सावरून बसले. कोणीतरी पोराला गप्प केलं. दोन मिनिटं गेली.

“चालू कर ना,” अध्यक्ष म्हणाले.

“संपलं,” मी म्हणाले.

“नावं संपले. सिनेमा लाव आता.”

“सिनेमा नाई आहे. एवढंच होतं.”

खोलीत अशी शांतता पसरली की माझ्या भूतपटाला तशी एकदाही साधली नव्हती. मग यमुनाबाई उठल्या. “म्हणजे पत्रिका छापली, मांडव टाकला, अन् नवरदेवच नाई?”

पुढचे तीन तास, फक्त नावांचा प्रोजेक्ट असू शकतो हे मी गावाला समजावत होते आणि असू शकत नाही हे गाव मला समजावत होतं. बाबा एका कोपऱ्यात खाली मान घालून बसले होते. वीस वर्षांत त्यांच्या पत्रिकेमागे नाटक नाही असं कधी झालं नव्हतं. त्यांचा तो चेहरा बघून मला रडू आलं, आणि त्या रडण्यात शेवटची गाडी निघायची वेळ झाली. नावं काढायची राहूनच गेली.

गाडीत लॅपटॉप उघडला तेव्हा कळलं की नावांशिवायचं जुनं काम उरलेलंच नाही. नवं मी त्याच्याच जागी साठवलं होतं, आणि त्यात नावं चित्रालाच चिकटली होती! (असं करू नका, हे आमच्या कोर्सच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी त्या दिवशी हजर होते.)

सोमवारी सरांनी ते दीड मिनिट बघितलं.

“हे पिवळं का?”

“रक्त अशुभ असतं, सर.”

“आणि नावं जात का नाहीत?”

“गेली की लोकांना वाईट वाटतं.”

“हं. ही सगळी गर्दी त्या डोळ्यावर चढत जाते, ते बाकी भयंकर आहे. चांगल्या अर्थाने. पण संकलन कोणाचं?”

“माझं, सर.”

“नाव कोणाचं?”

“मोठेबाबांचं.”

“नावांच्याच प्रोजेक्टमध्ये नाव चुकीचं, म्हणजे मी मार्क कोणाला देऊ? शुक्रवारपर्यंत वेळ आहे. हे तू केलंस हे दाखव.”

मी घरी फोन लावला आणि जे मनात आलं ते बोलले. बाबांनी “बरं” म्हणून फोन ठेवला. पण बुधवारी सकाळी कॉलेजच्या फाटकात धुतलेलं धोतर, टोपी आणि सुकटीची पिशवी घेऊन मोठेबाबा उभे! पहाटेची पहिली गाडी धरून आले होते.

“चूक माही होय,” ते म्हणाले. “चाल, तुह्या मास्तरले सांगतो. वर्ष नाई जाऊ देत तुह्यं.”

माझा सगळा राग विरघळला. सरांसमोर मोठेबाबांनी हात जोडले आणि सरळ सांगितलं, “साहेब, मी काही केलं नाई. पोरीनंच केलं. मी रुसलो म्हणून तिनं नाव देल्लं.” किती मोठं मन! मी डोळे पुसले. विषय तिथे संपायला हवा होता.

पण सरांनी सहज विचारलं, “काका, तुम्हाला यातलं काय आवडलं?”

मोठेबाबा खुर्चीत नीट बसले. “तो डोया,” ते म्हणाले. “पाहा साहेब, माणूस मेला का आपण त्याचा डोया मिटवतो. मासोयीले पापनीच नाई. ते मेल्यावरही पाहूनच राह्यते. पन्नास वर्षं झाले मासोया धरून राह्यलो, पण टोपलीकडं पाठ करून मी कधी जेवलो नाई.”

सरांच्या अंगावर काटा आला, हे मला टेबलापलीकडून दिसलं. त्यांनी वही ओढली आणि लिहायला लागले. मग माझ्याकडे वळले. “शीतल, तू तो डोळा का घेतलास?”

खरं उत्तर असं होतं की कोंबडी पळून गेली होती आणि समोर टोपली होती. मी तेच दिलं.

सरांनी बराच वेळ मोठेबाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा मोठेबाबांकडे. शेवटी मला पास केलं, पण एका अटीवर: शेवटच्या नावाच्या जागी नव्या पाट्या जोडायच्या, संकलन माझं आणि ‘मार्गदर्शक’ म्हणून मोठेबाबा. मोठेबाबांनीही एक अट घातली, आणि सरांनी ती माझ्याशी न बोलता मान्य केली.

आता कॉलेजात दरवर्षी नव्या मुलांना नमुना म्हणून ते दीड मिनिट दाखवतात. त्यात मोठेबाबांचं नाव पडदाभर एकटं चार सेकंद थांबतं, आणि माझं सव्वा सेकंदात, वाचायच्या आत निघून जातं.