ती एसटीत बसलीच नव्हती

रविवारी कोळवणला जे झालं ते अजून पचलेलं नाही... म्हणून इथे लिहून टाकते.

आमच्या भूगावच्या सोसायटीत बायकांचा वाचनगट आहे. एखाद्या पुस्तकावर सिनेमा आला की आधी पुस्तक वाचायचं, मग सिनेमा एकत्र बघायचा आणि जेवताना मनसोक्त भांडायचं, हा आमचा शिरस्ता. या वेळची कादंबरी माझी होती. म्हणजे मी लिहिलेली नाही हो... पण कॉलेजात वाचल्यापासून तिच्याबद्दल इतकं बोललेय की माझीच म्हणायला हरकत नाही. तोंडपाठ आहे म्हणून या वेळी परत उघडलीही नव्हती.

गोष्ट साधी. कोकणातली एक बाई, संसार नीट, नवरा बरा, पण तिला दूरच्या एका शाळेत शिकवायला जायचंय. पुस्तकभर तिची बॅग भरलेली असते. आणि शेवटी ती जाते... लाल एसटी, खिडकीची सीट, मांडीवर बॅग. हा शेवट मी किती जणींना रंगवून सांगितलाय, विचारू नका.

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात माझ्या माहेरून, अंबाजोगाईहून, शाळेतल्या मैत्रिणीचा फोन आला होता. तिने मुलींसाठी वसतिगृह काढलंय, तिथली लायब्ररी उभी करायला वर्षभर ये म्हणाली. ऐकताना जावंसं फार वाटलं, खोटं कशाला बोलू! पण ‘नाही जमणार गं’ असा मेसेज मी टाइप करून ठेवला होता, फक्त पाठवायचा बाकी होता.

तर सिनेमा. जमलो सुमनताईंच्या कोळवणच्या घरी, टीव्हीवर बघायला. त्या मूळच्या तिथल्याच, घरची भातशेती बघतात, जुना गोठा दुरुस्त करून पुण्याच्या लोकांना वीकेंडला भाड्याने देतात. आमच्या गटात सगळ्यात फटकळ. भर दुपारी अंधार हवा म्हणून त्यांनी खिडक्यांवर गोधड्या टांगल्या होत्या, आणि स्वयंपाकघरातून आंबेमोहोर भाताचा वास येत होता... एकूण मजा चालली होती.

आणि शेवट आला. बाई बॅग घेऊन दारात उभी. आत चुलीवरचं दूध उतू जायला लागतं. ती वळते, बॅग उंबऱ्याच्या आत ठेवते, पातेलं उतरवते... आणि संपला की सिनेमा!

माझं डोकंच फिरलं. एवढ्या सुंदर शेवटाची माती केली म्हणून मी ताटावर बसेपर्यंत तोंडाचा पट्टा सोडला होता. बाकीच्या जणी माना डोलवत होत्या. नंतर कळलं, त्यातल्या एकीनेही पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नव्हतं, माझ्या भरवशावर आल्या होत्या.

सुमनताई भात वाढता वाढता म्हणाल्या, “अगं, पुस्तकात बी न्हाईच जात ती. तूच दिलेलं पुस्तक वाचलंय की मी.”

मी हसले. म्हटलं, लावा पैज, हरले तर पुढच्या वेळी सगळ्यांचा स्वयंपाक मी एकटी करीन. त्यांनी हात पुसून फळीवरचं पुस्तक काढून दिलं.

शेवटचं पान वाचलं. मग त्याच्या आधीचं. मग परत शेवटचं... दूध. पातेलं. उंबऱ्याच्या आतली बॅग. एसटी कुठेच नाही. मागची पानं भराभर चाळली, तिथेही नाही!

खरं सांगते, आपलं घर आपण भलत्याच गल्लीत शोधतोय असं वाटलं. इतकी वर्षं मी जे पाहिलं ते काय होतं मग? मला त्या बसची पाटीसुद्धा आठवत होती...

अंबाजोगाई.

अहो, कोकणातल्या बाईच्या एसटीला अंबाजोगाईची पाटी कुठून येईल? हे मला एवढ्या वर्षांत एकदाही खटकलं नव्हतं. पुढ्यातला भात गार होत होता आणि मी पुस्तकच हातात धरून बसले होते.

मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. कुठे जावंसं वाटलं की मी हे पुस्तक आठवायची आणि मला बरं वाटायचं. माझ्या वाटचं ती जाऊन यायची. आता बघते तर तीही गेलेली नाही... म्हणजे आजवर कोणीच गेलं नव्हतं!

रडायलाच आलं मला, सगळ्यांसमोर. फोनपासून मेसेजपर्यंत सगळं सांगून टाकलं. सुमनताईंनी सरळ विचारलं,

“ती न्हाई गेली तिच्या दुधापायी. तुझ्या चुलीवर काय हाय गं आता?”

काय सांगणार, कपाळ? पोरगी लवळ्याला कॉलेजच्या हॉस्टेलवर, तिला माझी आठवण फक्त चार्जर हरवला की येते. नवरा तर फोन आला त्याच दिवशी म्हणाला होता, जा बिनधास्त, मी डबा लावतो. गॅस कधीचा बंद होता, मीच आपली ओट्याशी उभी होते.

तिथेच तो मेसेज पुसला आणि ‘येते’ एवढंच पाठवलं.

सुमनताई, पैज हरले, जायच्या आधी सगळ्यांना जेवू घालते. आणि ते पुस्तक तुमच्याकडेच राहू द्या. मला आता लागणार नाही... तिकीट काढलंय, खिडकीचं.